हर्सिनियन अरण्य

प्राचीन मध्य यूरोपातील एक विस्तीर्ण वनप्रदेश. लॅटिन ग्रंथांत त्याचा निर्देश 'हर्सिनिया सिल्व्हा' असा येतो; ग्रीक लेखकांनी 'आर्कीनिया', 'ऑर्कीनिया' अशी नामरूपे वापरली आहेत. पश्चिमेस ऱ्हाईन नदीपासून पूर्वेस कार्पेथियन पर्वताच्या परिसरापर्यंत, डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडील डोंगराळ प्रदेशात हे अरण्य पसरले होते, असे सामान्यतः मानतात. जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट, ओडनव्हाल्ट, श्पेसार्ट, थुरिंजियन फॉरेस्ट व हार्ट्‌स, जर्मनी व चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील बोहीमियन फॉरेस्ट व एर्ट्‌सगबिर्ग आणि त्यांच्या पूर्वेकडील सुडेटन या पर्वतराजींवरील वने हे त्याचे खंडित अवशेष होत. भूविज्ञानातील 'हर्सिनियन गिरिजनन' ही संज्ञा याच नावावरून आली. पुराजीव महाकल्पाच्या उत्तरार्धातील पर्वतनिर्मितीच्या घडामोडींना ती लावतात. मार्सेल बेरत्राँ या फ्रेंच भूवैज्ञानिकाने ती १८८७ मध्ये रूढ केली. हार्ट्‌स पर्वताचे नाव मात्र दिसायला सारखे असले, तरी ते जर्मन भाषेतील डोंगरी वन या अर्थाच्या निराळ्या शब्दापासून आले आहे.

हर्सिनिया हे नाव केल्टिक असावे. 'ओक वृक्ष' या अर्थाच्या इंडो-यूरोपीय मूळ शब्दातील आद्य 'प' केल्टिक भाषांत लुप्त होऊन ते सिद्ध झाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ओकवाचक लॅटिन 'क्वेर्कुस' हा शब्दही त्याच मुळाचा. संस्कृतातील 'पर्जन्य' आणि बाल्टिक लोकांच्या मेघगर्जनेच्या देवतेचे 'पेर्कूनास' हे नाव यांचाही संबंध या शब्दकुलाशी जोडण्यात आला आहे. तथापि 'पर्जन्य' शब्दाबाबत हा संबंध निर्विवाद नाही. जर्मन लोक या प्रदेशात आले, ते केल्ट लोकांच्या मागून. केल्टांनी दिलेले नाव ग्रीकांनी ऐकले, ग्रीकांकडून ते रोमनांनी घेतले आणि पुढे सोळाव्या शतकात जर्मन विद्वानांनी ते आपल्या राष्ट्राचे भूषण म्हणून मिरविले.

अभिजात वाङ्मयातील या अरण्याचे उल्लेख कालक्रमाने मांडले असता एक गोष्ट ठळकपणे दिसून येते. ज्या काळात लेखकांना या प्रदेशाची माहिती सर्वांत कमी होती, त्या काळात हे अरण्य सर्वांत मोठे आहे. माहिती वाढत गेली, तसतसे ते आकुंचन पावले. वृक्षतोडीने ते लहान होण्याच्या कित्येक शतके आधी ते नकाशावर लहान झाले. म्हणून या अरण्याचा इतिहास लिहिताना, तेथे प्रत्यक्षात काय होते हा एक प्रश्न आणि ग्रीक-रोमनांना तेथे काय दिसत होते हा दुसरा प्रश्न, असे दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते. जुन्या इतिहासग्रंथांतून ते बहुधा एकत्र केलेले आढळतात.

ग्रीक वाङ्मयातील उल्लेख संक्षिप्त आहेत. ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) वातावरणविषयक ग्रंथात आर्कीनिया हे अरण्य म्हणून नव्हे, तर पर्वत म्हणून येते. त्या भागातील उंचीने व विस्ताराने सर्वांत मोठे पर्वत ते हे आणि उत्तरेकडे वाहणाऱ्या बहुतेक नद्या तेथून उगम पावतात, अशी त्याची समजूत होती. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ऱ्होड्‌झचा अपोलोनिअस याच्या 'आर्गोनॉटिका' या महाकाव्यात वाट चुकून उत्तरेच्या महासागराकडे वाहत चाललेल्या वीरांना हेरा देवी हर्सिनियन कड्यावरून आरोळी देऊन मागे फिरविते. ग्रीक कवीच्या दृष्टीने माणसाने जाण्याजोगे जग त्या कड्यापाशी संपत होते. एराटॉस्थीनीझ या भूगोलज्ञालाही हे अरण्य ऐकून माहीत होते, असे पुढे सीझरने नमूद केले आहे.

केल्ट लोकांची परंपरा थोडी वेगळी आहे. रोमन इतिहासकार लिव्ही याने दिलेल्या कथेप्रमाणे गॉलमधील बितुरिजीझ जमातीचा राजा अँबिगेटस याने लोकसंख्या फार वाढल्यामुळे आपल्या दोन भाच्यांना नव्या भूमीच्या शोधार्थ पाठविले. शकुन पाहून दिशा ठरविण्यात आल्या. त्यांत सिगोव्हेससच्या वाट्याला हर्सिनियन अरण्य आले, तर बेलोव्हेससला इटलीचा मार्ग मिळाला. लिव्हीच्या मते दुसरा भाचा भाग्यवान. कथेचा तपशील विश्वसनीय नसला, तरी केल्ट लोक वसाहतीसाठी या अरण्यात जात होते ही आठवण तीत टिकून आहे आणि ती महत्त्वाची आहे. कारण ज्या प्रदेशात लोक वाढीव लोकसंख्या घेऊन राहावयास जातात, तो निर्जन व अभेद्य असू शकत नाही. बोई ही केल्टिक जमात या अरण्यात राहत होती आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडून आलेल्या किंब्री टोळ्यांना तिने परतवून लावले, असे स्ट्रेबो सांगतो. बोहीमिया हे नाव या बोईंवरूनच पडले आहे.

हर्सिनियन अरण्याचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन ज्यूलिअस सीझरच्या गॉलमधील युद्धावरील वृत्तांताच्या सहाव्या भागात आढळते. सडा प्रवासी नऊ दिवसांत हे अरण्य रुंदीने ओलांडू शकतो. अन्य मापाने ते सांगता येत नाही, कारण तेथील लोकांना अंतर मोजण्याची रीत ठाऊक नाही, असे तो म्हणतो. हेल्व्हेटी, नेमेटीझ व राउरासी या जमातींच्या सीमांपासून सुरू होऊन ते डॅन्यूबच्या कडेने डेशियन लोकांच्या मुलखापर्यंत जाते. तेथे नदी सोडून डावीकडे वळते. साठ दिवस चालूनही त्याच्या टोकाला पोहोचलो, असे म्हणणारा माणूस जर्मानियाच्या या भागात मिळत नाही. यानंतर तो तेथील तीन प्राण्यांची माहिती देतो. पहिला, कपाळाच्या मध्यातून एकच शिंग निघून पुढे त्याला फांद्या फुटलेला हरणासारखा बैल. दुसरा, पायांना सांधे नसलेला व म्हणून झाडाला टेकून झोपणारा एल्क. शिकारी ती झाडे आधीच अर्धवट कापून ठेवतात आणि प्राणी झाडासह खाली कोसळतो. तिसरा, हत्तीपेक्षा किंचित लहान, अत्यंत बलवान व कोपिष्ट असा रानबैल. त्याला खड्ड्यांत पाडून मारण्यात तेथील तरुण पुरुषार्थ मानीत आणि त्याच्या शिंगांच्या कडा चांदीने मढवून मेजवान्यांत ती मद्यपात्रे म्हणून वापरीत.

यांपैकी रानबैलाचे वर्णन, त्याच्या आकाराची अतिशयोक्ती वगळता, खरे आहे. हा ऑरॉक्स म्हणजे यूरोपातील पाळीव गुरांचा वन्य पूर्वज. त्याची शेवटची ज्ञात गाय पोलंडमधील याक्टोरूव्ह येथील वनात १६२७ मध्ये मेली. पहिले वर्णन बहुधा रेनडिअरच्या ऐकीव माहितीवर बेतलेले आहे. सांधे नसलेल्या एल्कची गोष्ट तर कोणा व्यापाऱ्याने किंवा वाटाड्याने थट्टेने सांगितली असावी. अशाच आशयाची कथा प्राचीन काळी हत्तीविषयीही प्रचलित होती व ॲरिस्टॉटलने ती खोडून काढली होती. सीझरसारख्या चिकित्सक लेखकाकडून असे लिखाण अपेक्षित नाही, या कारणास्तव काही अभ्यासकांनी हा भाग प्रक्षिप्त ठरविला. परंतु तसे मानण्याची गरज दिसत नाही. या वर्णनाचे वृत्तांतातील स्थान लक्षात घेतले, म्हणजे त्याचे प्रयोजन उलगडते. इ. स. पू. ५३ मध्ये सीझरने पूल बांधून ऱ्हाईन नदी दुसऱ्यांदा ओलांडली. स्वेबी जमातीचे लोक लढाई न देता आपल्या प्रदेशाच्या पार टोकाला, बाकेनिस नावाच्या अरण्यापाशी, निघून गेल्याचे त्याला कळले. येथे कथन थांबते आणि गॉल व जर्मन यांच्या चालीरीतींची तुलना, मग अरण्य, मग प्राणी असे दीर्घ विषयांतर सुरू होते. ते संपताच पुढील वाक्यांत सीझर परत फिरतो. जर्मन लोक शेतीकडे फारसे लक्ष देत नसल्याने धान्य मिळणार नाही, हे कारण तो देतो. मोहिमेत विजय मिळाला नव्हता. जेथे विजयाचे वर्णन यावयाचे, तेथे अरण्याचे वर्णन आले आहे. साठ दिवस चालूनही जे संपत नाही, त्याच्या कडेवरून परतलेल्या सेनापतीला कोणी दोष देणार नाही. ऱ्हाईन ही गॉल आणि जर्मानिया यांमधील नैसर्गिक सीमा होय, ही कल्पना सीझरने रूढ केली आणि हर्सिनियन अरण्य हा तिचा भक्कम आधार ठरला.

या कल्पनेला छेद देणारा मजकूर त्याच ग्रंथात आहे, हे विशेष. हर्सिनियन अरण्याभोवतीची जर्मानियातील सर्वांत सुपीक जमीन व्होल्की टेक्टोसाजेस या केल्ट लोकांनी व्यापली असून ते आपल्या काळापर्यंत तेथेच राहत आहेत, असे सीझरने थोडे आधी लिहिले आहे. स्ट्रेबोनेही अरण्य दाट व मोठ्या वृक्षांचे असल्याचे सांगून त्याच्या मध्यभागी चांगली उपजीविका होऊ शकेल असा प्रदेश आहे, असे म्हटले आहे. पुरातत्त्वीय पुरावा या दोन विधानांच्या बाजूने आहे. मध्य यूरोपातील लोएस मातीच्या सुपीक पट्ट्यांत इ. स. पू. सु. ५५०० पासून शेतकरी वस्ती करून होते. वृक्षतोड, धान्यलागवड व गुरचराई यांच्या खुणा दलदली व सरोवरे यांच्या तळाशी साचलेल्या परागकणांत स्पष्ट दिसतात. सीझरच्या आधीच्या शतकात बोहीमियात झाव्हिस्ट व स्ट्राडोनित्से, मोरेव्हियात स्टारे ह्राडिस्को अशी तटबंदीयुक्त केल्टिक नगरे नांदत होती. त्यांत लोखंडाचे व मातीच्या भांड्यांचे कारखाने होते, नाणी पाडली जात होती आणि बाल्टिक किनाऱ्यावरून येणाऱ्या अंबराचा व्यापार चाले. म्हणजे हर्सिनियन अरण्य हा सलग हिरवा पडदा नव्हता. डोंगरमाथ्यांवर बीच, फर व स्प्रूस यांची दाट वने आणि नद्यांच्या खोऱ्यांत शेती व गावे, असे त्याचे स्वरूप होते. वस्तीची ही बेटे एकमेकांपासून दूर होती आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा परक्या सैन्याला सुखाच्या नव्हत्या, हेही तितकेच खरे.

ऑगस्टसच्या कारकीर्दीत (इ. स. पू. २७–इ. स. १४) रोमने ही सीमा ओलांडण्याचा गंभीर प्रयत्न केला. मार्कोमानी जमातीचा राजा मारोबोडुअस याने बोहीमियाच्या डोंगरवेढ्यात बलाढ्य राज्य उभारले होते. व्हेलेअस पाटर्क्युलस या समकालीन लेखकाने त्याच्या सैन्याची संख्या ७०,००० पायदळ व ४,००० घोडदळ अशी दिली आहे. इ. स. ६ मध्ये त्याच्यावर दोन बाजूंनी चाल करण्यात आली. टायबीरिअस डॅन्यूबवरील कार्नुंटुम येथून निघाला आणि सेन्शिअस सॅटर्नायनस याला ऱ्हाईनकडून, हर्सिनियन अरण्य तोडून वाट काढीत, येण्याची आज्ञा झाली. माइन नदीकाठी मार्क्टब्राइट येथे १९८५ मध्ये हवाई छायाचित्रांवरून उजेडात आलेली दोन लीजनांची छावणी याच मोहिमेसाठी उभारली असावी, असा काही संशोधकांचा तर्क आहे. दोन्ही सैन्ये शत्रूच्या ठाण्यांपासून थोड्या दिवसांच्या अंतरावर असताना पॅनोनियात मोठे बंड उद्‌भवले व टायबीरिअसला तह करून परतावे लागले. ही मोहीम अरण्यामुळे फसली नाही. लाकूडतोड्यांच्या तुकड्या हाताशी असलेल्या रोमन सैन्याला अरण्य तोडणे शक्य वाटत होते, हे व्हेलेअसच्या वृत्तांतावरून उघड होते.

तीनच वर्षांनी, इ. स. ९ मध्ये, केरुस्की जमातीच्या आर्मिनिअसने व्हेरस या सेनापतीच्या सतराव्या, अठराव्या व एकोणिसाव्या लीजनांचा संहार केला. या पराभवाचे स्थळ टॅसिटसने 'ट्यूटोबुर्गचे वन' असे दिले आहे. ते हर्सिनियन अरण्याच्या बरेच वायव्येस, सखल प्रदेशाच्या कडेला येते. परंतु लोकस्मृतीत ही दोन्ही वने एकरूप झाली. ऑस्नाब्रूकजवळील काल्क्रीझ येथे १९८७ पासून सापडत गेलेली नाणी, शस्त्रे व अस्थी यांवरून लढाईचा निदान एक भाग तेथे झाला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ते स्थळ म्हणजे टेकडी आणि विस्तीर्ण दलदल यांमधील अरुंद पट्टा आहे. तेथे सैन्य अडले ते वृक्षांमुळे कमी आणि चिंचोळ्या वाटेमुळे व विश्वासघातामुळे अधिक. तरीही 'जर्मानियाच्या अरण्याने रोमला थोपविले', हे सूत्र या पराभवातून कायमचे रूढ झाले.

इ. स. पहिल्या शतकातील लेखकांत थोरला प्लिनी (२३–७९) व टॅसिटस यांचे उल्लेख लक्षणीय आहेत. प्लिनी स्वतः जर्मानियात घोडदळाचा अधिकारी होता, तरी त्याचे वर्णन आश्चर्यकथेकडे झुकते. हर्सिनियातील ओक वृक्ष जगाइतकेच जुने असून त्यांची मुळे एकमेकांस भिडून जमीन वर उचलतात, जेथे माती त्यांच्याबरोबर येत नाही तेथे मुळांच्या कमानी बनतात व त्यांखालून घोडेस्वारांची पथके जाऊ शकतात, असे तो लिहितो. रात्री अग्नीसारखी पिसे चमकणाऱ्या तेथील पक्ष्यांची वार्ताही त्याने ऐकिवात म्हणून नोंदविली आहे. मध्ययुगीन कोशकारांनी पुढे त्या पक्ष्यांना वाटसरूंचे दिवे करून टाकले. टॅसिटसच्या 'जर्मानिया' (इ. स. ९८) या ग्रंथात अरण्याला निश्चित जागा मिळते. हेल्व्हेटी व बोई यांच्या पूर्वीच्या वसाहती त्याच्या संदर्भाने दाखविल्या आहेत आणि काट्टी जमातीचा प्रदेश हर्सिनियाच्या डोंगरांसोबत सुरू होतो व त्यांच्यासोबतच संपतो, असे म्हटले आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलग्रंथात तर ऑर्कीनिया हे पूर्वेकडील एक मर्यादित वन उरले. पश्चिमेस आब्नोबा पर्वत, मध्यभागी गाब्रेटा वन, उत्तरेस सेमाना वन अशी स्वतंत्र नावे त्याच्या शेजारी दिसतात. सीझरला जे एकच अरण्य वाटले होते, त्याचे दीड-दोन शतकांच्या लष्करी व व्यापारी संपर्कानंतर पाच-सहा डोंगर झाले होते.

रोमच्या उत्तरकाळात हे नाव राजस्तुतीत उरले. क्लॉडिअन या कवीने स्टिलिको या सेनापतीच्या इ. स. ४०० मधील कॉन्सलपदाच्या निमित्ताने रचलेल्या काव्यात, आता हर्सिनियाच्या निःशब्द वनांत निर्धास्तपणे शिकार करता येते आणि तेथील पूज्य वृक्षांवर रोमन कुऱ्हाड चालते, असा गौरव केला आहे. ४०६ च्या अखेरीस व्हँडॉल, ॲलन व स्वेबी टोळ्या ऱ्हाईन ओलांडून गॉलमध्ये शिरल्या. त्यानंतरच्या लेखनात हर्सिनिया हे नाव बहुतांशी ग्रांथिक होते.

प्रत्यक्ष वनाची मोठी घट मध्ययुगातील आहे. अकराव्या ते तेराव्या शतकांत मठ व सरंजामदार यांच्या पुढाकाराने झालेली वसाहत, त्यानंतर हार्ट्‌स व एर्ट्‌सगबिर्ग येथील चांदीच्या खाणी, काचभट्ट्या व कोळशाच्या भट्ट्या यांनी डोंगर उघडे पाडले. खाणींना लाकूड अपुरे पडू लागले, तेव्हा सॅक्सनीतील फ्रायबर्गचा खाण-अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्‌स याने १७१३ मध्ये, वनाची जेवढी वाढ होते तेवढीच तोड करावी, हे तत्त्व ग्रंथरूपाने मांडले. जर्मन वनविद्येचा पाया अशा रीतीने या अरण्याच्या ऱ्हासातून घातला गेला. त्या विद्येत मुरलेला डीट्रिख ब्रँडिस १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. राखीव वनांची जी पद्धत आपल्याकडील आदिवासींना व शेतकऱ्यांना पुढे जाचक वाटली, तिचा एक धागा सॅक्सनीच्या खाणींपर्यंत जातो.

टॅसिटसच्या 'जर्मानिया'चे हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या मध्यास इटलीत पोहोचले व १५०० च्या सुमारास कोनराड सेल्टिस या मानवतावादी विद्वानाने त्याची आवृत्ती काढली. इटालियनांनी जर्मनांना रानटी म्हणून हिणविण्यासाठी जे अरण्य पुढे केले होते, तेच सेल्टिसने सद्‌गुणांचे माहेर म्हणून गौरविले. न्यूरेंबर्गवरील आपल्या ग्रंथात त्याने हर्सिनियाचे सविस्तर वर्णन केले. आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फरच्या चित्रांतील मनुष्याकृतींना झाकून टाकणारी झाडी त्याच काळातील होय. एकोणिसाव्या शतकात व्हिल्हेल्म हाइनरिख रील याने जर्मन लोकांचा स्वभाव वनातून घडला, असा सिद्धांत मांडला. १८७५ मध्ये डेटमोल्टजवळ आर्मिनिअसचे प्रचंड स्मारक उभे राहिले. नाझी राजवटीत १९३६ मध्ये 'शाश्वत वन' या नावाचा प्रचारपट निघाला आणि त्यात वन व वंश यांचे समीकरण मांडण्यात आले. या साऱ्या मांडणीचा मूळ आधार म्हणजे परतीच्या वाटेवरील एका रोमन सेनापतीने केलेले वर्णन आणि जर्मानियाचा प्रवास केल्याचा कोणताही पुरावा नसलेल्या टॅसिटसचा ग्रंथ, हा विरोधाभास तत्कालीन विद्वानांच्या फारसा ध्यानी आला नाही.

सांप्रत या प्रदेशातील बहुतेक वने लागवडीची असून त्यांत स्प्रूसचे प्रमाण मोठे आहे. जर्मनीने १९७० मध्ये बव्हेरियन फॉरेस्ट येथे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. सीमेपलीकडील शुमाव्हा राष्ट्रीय उद्यान १९९१ मधील आहे. शुमाव्हा डोंगरांतील बोउबिन येथील मूळ वनाचा एक तुकडा श्वार्ट्‌सेनबर्ग या जमीनदार घराण्याने १८५८ मध्ये तोडीपासून राखून ठेवला. हर्सिनियन अरण्याचे मूळ रूप कसे असेल, याची कल्पना देणाऱ्या मोजक्या स्थळांपैकी ते एक आहे. तेथील 'राजा स्प्रूस' या नावाने प्रसिद्ध असलेला सु. ४४० वर्षांचा वृक्ष १९७० मध्ये उन्मळून पडला. बोउबिनचे मुख्य वृक्ष बीच, स्प्रूस व फर हे आहेत. ज्या वृक्षावरून या अरण्याचे नाव पडले, त्या ओकला तेथील उंची मानवत नाही.